पंचेचाळीस हजार डॉलरच्या करारावर आईने सही करावी का?

प्रश्न असा आहे. एडिसन, न्यू जर्सीत राहणारे एक गृहस्थ लिहितात: "आई (वय ६३) ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्याहून आमच्याकडे आली होती. घराजवळच्या फार्मसीत तिने फ्लूची लस घेतली आणि त्याच रात्रीपासून तिचा डावा खांदा धरला. इंजेक्शनचं दुखणं आहे, जाईल, असं म्हणत आम्ही पाच आठवडे काढले. मग अर्जंट केअरमध्ये नेलं. तिथल्या नोंदीत 'तीन आठवड्यांपासून खांदा दुखतो' असं लिहिलंय. आई 'बरेच दिवस झाले' म्हणाली होती, तीन आठवडे बहुधा मीच घाईत म्हणालो. जानेवारीत ती परत गेली. पुण्यात जून २०२३ पर्यंत फिजिओथेरपी झाली, मध्ये स्टेरॉइडचं एक इंजेक्शन झालं. आईला मधुमेह आहे. २०२४ मध्ये वकिलामार्फत दावा दाखल केला. आता सरकारने ४५,००० डॉलर देऊ केलेत, पण लसीमुळे इजा झाली हे सरकारला मान्य नाही असं करारात स्पष्ट लिहिलंय. आई म्हणते, मान्यच नाही तर पैसे कशाला देता? सही करावी की लढावं? वकील यातले किती कापणार? आणि आई आता कुठलीही लस घ्यायला तयार नाही, तिला काय सांगू?"

मी वकील आहे आणि गेली सोळा वर्षं अमेरिकेच्या लस-इजा भरपाई कार्यक्रमातलेच दावे चालवते. त्यांतले बरेचसे खांद्याचे.

वकिलाचं आधी सांगते, कारण ते उत्तर सोपं आहे. वकील यातला एक डॉलरही कापू शकत नाही. अमेरिकेत अपघाताच्या दाव्यात वकील तिसरा हिस्सा घेतो हे आपल्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण हा तसा दावा नव्हे. १९८६ च्या कायद्याने उभारलेला आणि १९८८ पासून सुरू असलेला हा लस-इजा भरपाई कार्यक्रम आहे. प्रत्येक डोसमागे, तो जितक्या रोगांपासून वाचवतो त्या प्रत्येक रोगासाठी ७५ सेंट कर गोळा होतो आणि त्या निधीतून भरपाई दिली जाते. वकिलाची फी त्याच निधीतून, वेगळा अर्ज करून, न्यायालयाने तपासून मिळते. दावा प्रामाणिक असेल आणि त्याला वाजवी आधार असेल, तर हरल्यावरही मिळते. अशिलाकडून वर काही घेणं वकिलाला कायद्याने मना आहे. म्हणजे ४५,००० ठरले तर ते सगळे आईंचे. आणि रक्कम मोठी झाली म्हणून वकिलाची फी वाढत नाही, तेव्हा त्यांचा सल्ला मनात किंतू न ठेवता ऐका.

आता आईंच्या प्रश्नाकडे येते. तो नुसता कायद्याचा नाही, मानाचा आहे, आणि माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात तो निघाला आहे. या कार्यक्रमात पैसे मिळण्याच्या मुख्यतः दोन वाटा आहेत. पहिलीत सरकार हक्क मान्य करतं, किंवा स्पेशल मास्टर (हे दावे ऐकून निर्णय देणारे न्यायालयाचे अधिकारी) तुमच्या बाजूने निर्णय देतात, आणि मग रक्कम ठरते. ती सरकारने सुचवली आणि तुम्हाला पटली तर त्याला प्रॉफर म्हणतात. दुसरी वाट स्टिप्युलेशनची. तिच्यात दोन्ही बाजू आपापलं म्हणणं न सोडता एका आकड्यावर थांबतात. तुमच्या हातात आहे तो दुसऱ्या वाटेचा कागद. "प्रतिवादीला अमान्य आहे" हे वाक्य या जातीच्या प्रत्येक करारात जवळपास त्याच शब्दांत छापलेलं असतं. तुमच्या आईंचं दुखणं खोटं आहे असा त्याचा अर्थ नाही. निकाल कुणीच दिलेला नाही, एवढाच अर्थ. त्यांना हे मराठीत, शांतपणे, कागद समोर ठेवून समजावून सांगा. फोनवर घाईत नको.

पण त्या वाक्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं वाक्य तुमच्या फाइलमध्ये आहे, आणि ते म्हणजे अर्जंट केअरमधलं "तीन आठवड्यांपासून". तुमच्या दाव्याची किंमत बहुतांशी त्या दोन शब्दांवर अडली आहे, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

कारण असं. लस देताना सुई दंडाच्या स्नायूत न जाता फार वर, खांद्याच्या हाडाखालच्या पिशवीत किंवा सांध्याजवळ गेली, तर तिथे सूज धरते आणि खांदा आखडतो. वैद्यकात त्याला सिर्वा म्हणतात. हे नाव २०१० च्या सुमाराला रूढ झालं आणि मार्च २०१७ पासून ही इजा सरकारच्या अधिकृत टेबलात, म्हणजे कुठल्या लसीने कुठली इजा होते असं कायदा धरतो त्या यादीत, आली. टेबलात बसणाऱ्याला लसीमुळेच झालं हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही, कायदा ते गृहीत धरतो. मात्र बसण्यासाठी अटी आहेत: खांद्याला आधी असं दुखणं नव्हतं जे याचं कारण ठरेल, वेदना लसीनंतर ४८ तासांत सुरू झाली, दुखणं आणि हालचालीची अडचण लस घेतलेल्या खांद्यापुरतीच आहे, आणि मानेची नस दबल्यासारखं दुसरं कारण दिसत नाही. शिवाय त्रास सहा महिन्यांहून अधिक टिकलेला हवा, किंवा त्यासाठी रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली हवी. तुमच्या जूनपर्यंतच्या नोंदी पाहता सहा महिन्यांची अट निभावेल.

घोडं अडतं ते ४८ तासांत. लसीनंतर पाच आठवड्यांनी डॉक्टर "तीन आठवड्यांपासून" लिहितो, तेव्हा सरकारचा वकील बोटं मोजतो आणि म्हणतो, दुखणं दोन आठवड्यांनी सुरू झालं. त्या वेळी लिहिलेली वैद्यकीय नोंद ही नंतरच्या आठवणींपेक्षा सहसा वजनदार धरली जाते. पण ती ब्रह्मवाक्य नाही. नोंद वेगळी असली किंवा नसलीच, तरी बाकीच्या पुराव्यावरून वेदना ४८ तासांत सुरू झाली असं ठरवण्याची मुभा कायदा स्पेशल मास्टरना देतो, आणि खांद्याच्या दाव्यांत ते असं अनेकदा ठरवतात. लसीनंतर दंड दुखणारच, या समजुतीने माणसं थांबतात हे त्यांनी शेकडो फाइलींमध्ये पाहिलेलं आहे.

म्हणून तुमचं स्वतःचं शपथपत्र फाइलमध्ये आहे का, हे आजच वकिलांना विचारा. आईंचं असेलच. तुमचं? त्या खोलीत दुभाषी तुम्ही होतात. आई काय बोलल्या, तुम्ही इंग्रजीत काय सांगितलंत, डॉक्टरांनी किती वेळ विचारलं, हे फक्त तुम्ही सांगू शकता. मात्र "बहुधा मीच म्हणालो" असं आज आठवत असेल तर "बहुधा" असंच लिहा, ते खात्रीचं करू नका. स्पेशल मास्टर रोज अशी शपथपत्रं वाचतात आणि घासूनपुसून लख्ख केलेली आठवण त्यांच्या लगेच लक्षात येते.

दुसरी गोष्ट म्हणजे फोन. आपल्याकडच्या आया परदेशात आल्या की पुण्यातल्या बहिणीला, मैत्रिणींना रोज व्हॉट्सअॅप करतात. त्या रात्रीचा किंवा दुसऱ्या दिवसाचा एखादा निरोप शोधा. माझ्या एका अशिलाच्या बाबतीत सगळा दावा एका आवाजी निरोपावर उभा राहिला. "अगं, इंजेक्शन घेतल्यापासून हात वरच जात नाहीये, आज वेणी सुनेने घातली." सतरा सेकंदांचा निरोप. त्याचं प्रमाणित भाषांतर लावलं आणि सहा महिने अडलेली बोलणी पंधरा दिवसांत पुढे सरकली. फक्त वेळेकडे नीट लक्ष द्या. ऑक्टोबरमध्ये भारताचं घड्याळ न्यू जर्सीच्या साडेनऊ तास पुढे असतं, त्यामुळे मावशींच्या फोनवर तोच निरोप दुसऱ्या दिवसाच्या तारखेचा दिसेल. पडद्याचा नुसता फोटो पाठवू नका. संभाषण एक्सपोर्ट करा आणि कुणाचा फोन कुठे होता हे सोबत लिहून द्या.

तारखांवरून आणखी एक सांगायलाच हवं. आपल्याकडे दिवस आधी, महिना नंतर. इथे उलटं. एका फाइलमध्ये नाशिकच्या फिजिओथेरपिस्टच्या कार्डावर ०५/०१ लिहिलं होतं, म्हणजे ५ जानेवारी. सरकारच्या बाजूने ते १ मे वाचलं गेलं आणि "रुग्णाने मध्ये चार महिने उपचारच घेतले नाहीत" असा मुद्दा तयार झाला. उपचारात मोठा खंड म्हणजे त्रास सौम्य, असं इथलं गणित आहे. खुलाशाचं पत्र नाशिकहून येईपर्यंत दीड महिना गेला. तुमच्या पुण्याच्या कागदांवरची प्रत्येक तारीख महिन्याचं नाव अक्षरात लिहून एका स्वच्छ यादीत घाला आणि फिजिओथेरपिस्टकडून त्यांच्या लेटरहेडवर सही घ्या. शक्य असेल तर हात किती अंशांपर्यंत उचलला जात होता हेही त्यांच्या नोंदीतून उतरवून घ्या. कार्डावर "बेटर" एवढंच लिहिलेलं असतं. त्यातून कुणालाच काही कळत नाही.

आईंच्या शपथपत्रासाठी नोटरी किंवा वकिलातीत रांग लावायची गरज नाही. अमेरिकेबाहेर सही करताना "अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या कायद्यानुसार, खोट्या साक्षीच्या शिक्षेस पात्र राहून" हे खरं आहे, अशा अर्थाचं ठरावीक इंग्रजी वाक्य, तारीख आणि सही पुरते. आईंना इंग्रजी सराईत येत नसेल तर मजकूर मराठीत लिहू द्या आणि प्रमाणित भाषांतर जोडा. मराठीत लिहिलेलं जिवंत असतं. "मला खूप वेदना झाल्या" याने कुणाचं काही हलत नाही. ब्लाउजच्या बाहीत हात घालायला किती वेळ लागायचा, पदर कोण सारखा करायचं, कुकर डाव्या हाताने उचलणं कधी सोडलं, रात्री कुठल्या कुशीवर झोप लागायची नाही, हे लिहू द्या.

मधुमेहाचा मुद्दा सरकार काढणार, कदाचित काढलाही असेल. मधुमेहींना लस न घेताही खांदा आखडण्याचा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो हे खरं आहे. पण तो सहसा हळूहळू जडतो. इंजेक्शनच्या त्याच दंडात, त्याच रात्री ठणका सुरू होऊन पुढे खांदा आखडणं ही वेगळी कहाणी आहे. आधीच्या दोन-तीन वर्षांच्या पुण्यातल्या कागदांत खांद्याची तक्रार कुठेच नसेल, तर ते कागद लावा. न दुखल्याचा पुरावा इथे फार उपयोगी पडतो.

तुम्ही एक लिहिलेलं नाही. त्या शरद ऋतूत कोविडचा नवा बूस्टर आला होता आणि फार्मसीत दोन्ही एकाच बैठकीत देत होते. आईंनी तोही घेतला होता का, आणि कुठल्या दंडात? कोविडची लस या कार्यक्रमात येत नाही. तिच्यासाठी वेगळी व्यवस्था आहे, फारच तोकडी: एका वर्षाची मुदत, वेदनांची भरपाई नाही, वकिलाची फी नाही. दोन्ही सुया डाव्या दंडात असतील, तर कुठल्या सुईने इजा केली हा प्रश्न येतो आणि ४५,००० च्या आकड्यात त्याचाही वाटा असू शकतो. फार्मसीच्या नोंदीतला दंडही तपासा. कित्येक संगणकांत "डावा" आधीच भरलेला असतो आणि कुणी तो बदलत नाही, हे न्यायालयालाही ठाऊक आहे.

आता आकडा. या कार्यक्रमात वेदना आणि मनस्ताप यांची कमाल भरपाई २,५०,००० डॉलर आहे, पण ती अतिशय गंभीर इजांसाठी. प्रसिद्ध निकालांत शस्त्रक्रिया न झालेल्या खांद्यांना बहुतेक वेळा चाळीस हजारांपासून एक लाखाच्या आतली रक्कम मिळालेली दिसते. शस्त्रक्रिया झाली असेल तर सहसा लाखाच्या पुढे. कुठे बसायचं हे ठरवताना पाहतात ते असं: पहिल्यांदा डॉक्टरकडे किती दिवसांनी गेलात, हालचाल किती कमी झाली, स्टेरॉइडची इंजेक्शनं किती, फिजिओथेरपीच्या बैठका किती, त्रास किती महिने टिकला. पाच आठवड्यांची वाट, एक इंजेक्शन, आठ महिन्यांचा नोंदलेला त्रास हे सगळं धरून, हक्क पूर्ण मान्य झाला असता तर साठ ते सत्तर हजारांची अपेक्षा मी ठेवली असती. फाइल मी पाहिलेली नाही, तुमच्या वकिलांनी पाहिली आहे. त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा वेगळा असेल तर कारण विचारून घ्या.

भारतातली बिलं लहान आहेत म्हणून संकोचू नका. एका बैठकीचे पाचशे रुपये झाले म्हणजे दुखणं सहा डॉलरचं होत नाही. वेदनांची भरपाई खर्चाच्या पटीत मोजत नाहीत. बैठका किती झाल्या ते मोजलं जातं.

मग लढायचं का? लढणं म्हणजे आधी वेदना कधी सुरू झाली यावर निर्णय मागायचा. तो विरुद्ध गेला तर टेबल हातचं जातं, मग तज्ज्ञ डॉक्टरांच्या अहवालांवर कारण सिद्ध करत बसावं लागतं आणि शेवटी काहीच न मिळण्याची शक्यताही राहते. बाजूने गेला तरी रकमेचं बोलणं नव्याने सुरू होतं. या न्यायालयात कायद्याने जास्तीत जास्त आठ स्पेशल मास्टर असू शकतात. कित्येक वर्षांपूर्वी ठरलेली ही संख्या आजही तीच आहे आणि खांद्याच्या दाव्यांनी रांग भरलेली आहे. वर्ष-दीड वर्ष सहज जाईल.

तुमच्या जागी मी असते तर तुमचं शपथपत्र आणि व्हॉट्सअॅपचा निरोप फाइलमध्ये आहेत का, हे आधी पाहिलं असतं. नसतील, तर ते जोडून वकिलांना एक प्रतिप्रस्ताव द्यायला सांगितलं असतं, साठ हजारांच्या आसपासचा आणि तुलनेच्या निकालांसह. सरकारचा आकडा वाढून पन्नास-बावन्नवर थांबला तर सही केली असती. निरोप सापडलाच नाही आणि "तीन आठवडे" हेच एकमेव लेखी वाक्य राहिलं, तर आहे त्या ४५,००० वर सही केली असती, आणि आईंनाही तसंच सांगितलं असतं. निरोप सापडला, स्पष्ट असला आणि तरीही सरकार हललं नाही, तरच वेदना कधी सुरू झाली यावर निर्णय मागण्यात अर्थ आहे. फार्मसीवर वेगळा खटला घालण्याचा विचार मनात असेल, तर भरपाई स्वीकारल्यावर ती वाट बंद होते हे लक्षात ठेवा. या इजेसाठी ती वाट मी कुणालाच सुचवत नाही.

सहीनंतर निकालपत्र निघतं आणि करारासह न्यायालयाच्या संकेतस्थळावर जातं, आईंच्या नावानिशी. पुण्यातल्या नातेवाइकांना कळू नये असं वाटत असेल, तर वैद्यकीय तपशील किंवा नाव झाकण्याची विनंती करायला १४ दिवस असतात. मागितलं की मिळतंच असं नाही, पण मुदत चुकली तर मागताही येत नाही. दोन्ही बाजूंनी अपील करणार नाही असं लिहून दिलं की पुढचे कागद लवकर हलतात. पैसे हल्ली बहुधा वकिलाच्या विश्वस्त खात्यात जमा होतात आणि तिथून अशिलाला मिळतात. आईंच्या पुण्याच्या खात्याचे तपशील आधीच देऊन ठेवा. रक्कम आईंची आहे, तुमच्या खात्यात वळवू नका. आईंचा व्हिसा पर्यटकाचा होता याची काळजी नको. लस अमेरिकेत घेतली, एवढं पुरतं.

हे वाचणाऱ्या आणखी कुणाचा खांदा असाच धरला असेल, तर दाव्याची मुदत पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांची आहे. दावा फार्मसीकडे नव्हे, वॉशिंग्टनच्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये लावायचा असतो. शिंगल्सची लस मात्र या यादीत नाही.

आणि लसींचं. आईंना सांगा, दुखापत लसीने केली नाही, सुईच्या जागेने केली. त्रेसष्ट वर्षांच्या मधुमेही बाईला फ्लू होणं हे खांद्याच्या दुखण्यापेक्षा मोठं संकट आहे. पुढच्या वेळी उजवा दंड द्यावा. खुर्चीत बसून घ्यावी, आणि सुई देणाऱ्यालाही बसायला सांगावं, कारण उभा माणूस नकळत वर टोचतो. स्वेटरचा गळा खाली ओढून खांदा उघडा करू नये, बाही पूर्ण वर घ्यावी किंवा सरळ काढावी. खांद्याच्या टोकाचं हाड बोटांनी चाचपावं, त्याखाली दोन-तीन बोटं मोजावीत आणि तिथे बोट ठेवून म्हणावं, "इथे द्या." मी माझ्या आईबरोबर दरवर्षी जाते आणि ते बोट मीच ठेवते.